रिपोर्ट मुलाचा आला, शिकायचं आपल्याला आहे

*माझा मुलगा दोन वर्षं दहा महिन्यांचा आहे. दीड वर्षाचा असताना ‘आई’, ‘काऊ’, ‘दे’ म्हणायचा, मग हळूहळू ते बंद झालं. नावाने हाक मारली तर वळत नाही. डब्यांची झाकणं गरगर फिरवत बसतो. काही हवं असलं की माझं मनगट धरून तिथे नेतो. मिक्सर लावला की कान झाकून ओरडतो. गेल्या महिन्यात कोल्हापूरला डॉक्टरांनी ऑटिझम आहे असं सांगितलं. सासूबाई म्हणतात, त्याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते, उगाच शिक्का मारून घेऊ नका. नवरा काहीच बोलत नाही, रात्री स्टेम सेलचे व्हिडिओ बघत बसतो आणि प्लॉट विकू म्हणतो. नणंद म्हणते, दुसऱ्या वेळी तुला बेडरेस्ट होती तेव्हा त्याच्या हातात मोबाइल दिलास, त्याचं हे फळ. थेरपी सेंटरवाल्यांनी आठवड्यातले पाच दिवस यायला सांगितलंय, आणि घरात मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला म्हणालेत. मी पतसंस्थेत नोकरीला आहे, सोडू का? धाकटी आठ महिन्यांची आहे. तिची गोवरची लस जवळ आलीय, द्यायची भीती वाटते. पुढच्या महिन्यात दिराचं लग्न आहे. आणि रात्री झोप लागत नाही ती एकाच विचाराने: हा बोलेल का?*
*— एक आई, इचलकरंजी*

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो तसाच राहिला तर पुढचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही. पावणेतीन वर्षांच्या मुलाकडे बघून तो बोलेल की नाही हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्यापासून सावध राहा, मग तो ‘सहा महिन्यांत बोलता करतो’ म्हणणारा असो की ‘आशा सोडा’ म्हणणारा. पुष्कळ मुलं पाच-सहा वर्षांची होईपर्यंत बोलू लागतात, काही त्यानंतरही. काही चित्रांनी किंवा टॅबवर बोटाने सांगतात आणि आयुष्यभर तसंच सांगतात. पाचव्या वाढदिवसाला मेंदूचं दार बंद होतं ही धास्तीही मनातून काढा. लवकर सुरुवात केलेली चांगली, आणि तुम्ही लवकरच केली आहे.

आणि ताई, तुमचा लेक आत्ताही काही सांगत नाही असं नाही. तुमचं मनगट धरून नेतो ते त्याचं सांगणंच आहे. त्याला काहीतरी हवंय आणि ते आईकडून मिळतं एवढं त्याला पक्कं कळतं. तिथूनच कामाला सुरुवात करायची आहे.

नणंदेच्या बोलण्याबद्दल. ऑटिझम मोबाइलमुळे होत नाही. मेंदूच्या घडणीतला हा फरक जन्माआधीपासूनचा असतो आणि त्यात जनुकांचा वाटा मोठा असतो. आईला दोषी धरायची खोड मात्र जुनी आहे. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अशा ११ मुलांचं वर्णन लिहिलं. पुढची वीस-पंचवीस वर्षं मोठमोठे तज्ज्ञ सांगत राहिले की आईच्या मायेत ओलावा नसतो म्हणून मूल असं होतं. किती आयांनी ते खरं मानून जन्म काढला असेल! १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, ही समजूत पुराव्यानिशी खोडून काढली. आज तिची जागा मोबाइलने घेतली आहे. बेडरेस्टवर असताना तुम्ही त्याच्या हातात मोबाइल दिलात, दुसरं काय करणार होतात? आता तो कमी करा, पण पश्चात्तापापोटी नको. मोबाइलसमोर गेलेला अर्धा तास म्हणजे तुमच्याशी खेळायचा राहिलेला अर्धा तास, इतकंच त्यामागचं कारण.

डॉक्टरांनी कानाची ‘बेरा’ तपासणी, म्हणजे मुलाला नीट ऐकू येतं का हे बघणारी तपासणी, करून घेतली का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर सगळ्यात आधी ती करा. जाहिरातीचं संगीत लागलं की धावत येतो म्हणजे कान ठीकच असणार, असा अंदाज घरी बांधू नका. तो मध्येच एकटक होऊन हरवतो, अंगाला झटका येतो, असं काही दिसलं तर तेही डॉक्टरांना सांगा. या मुलांमध्ये फिट्स येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं.

आता प्लॉट. विकू नका. स्टेम सेलने, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराने, ऑटिझम बरा होतो याला भरवशाचा पुरावा नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्टच सांगितलं की ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही. तरीही त्याचे व्हिडिओ फिरत राहतात, कारण घाबरलेल्या बापाच्या खिशात हात घालणं सोपं असतं. मला या धंद्याचा मनापासून राग आहे. प्राणवायूच्या बंद पेटीत बसवणं, शरीरातले ‘जड धातू काढून टाकणारी’ औषधं, यांपासूनही लांब राहा. त्या धातू काढण्याच्या नादात २००५ मध्ये अमेरिकेत एका पाच वर्षांच्या मुलाचा जीव गेला. गहू-दूध बंद करण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेलच. मुळात चारच पदार्थ खाणाऱ्या मुलाचं जेवण कुणाच्या सांगण्यावरून आणखी आकसवू नका. पोटाची खरी तक्रार असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून काय ते ठरवा.

मग करायचं काय? मी बरीच वर्षं अशा मुलांच्या आईवडिलांबरोबर काम करते आहे आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत गेलंय: या वयात थेरपी मुलाची कमी आणि घरच्या मोठ्यांची जास्त व्हायला हवी. हे नुसतं माझं म्हणणं नाही. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या एका गटाने मिळून एक प्रयोग केला होता, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं होती. त्यातल्या निम्म्या घरांमध्ये साध्या, पदवीधर पण तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या पंधरा दिवसांतून एकदा जात, अशा १२ भेटी. मुलाला शिकवायला त्या जात नसत. आई आणि मूल खेळताना त्या व्हिडिओ काढत, मग आईबरोबर बसून तो बघत. इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, त्याआधी तुम्ही काय केलं होतंत? इथे तो उठून गेला, त्याच्या आधी काय झालं? सहा महिन्यांत आया मुलाच्या कलाने बोलू-वागू लागल्या आणि मुलं आपणहून त्यांच्याकडे जास्त वेळा येऊ लागली. शब्दसंख्येत लगेच मोठी उडी दिसली नाही, हेही सांगायला हवं. पण मूल आपणहून माणसाकडे येऊ लागणं हाच पुढच्या सगळ्याचा पाया असतो.

हेच तुम्ही घरी सुरू करू शकता. तो झाकण फिरवत बसला असेल तर ते हिसकावून हातात पझल देऊ नका. त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर जमिनीवर बसा. दुसरं झाकण घ्या आणि तुम्हीही फिरवा. ‘गरगर गरगर…’ म्हणा, झाकण पडलं की ‘पडलं!’ म्हणा, आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं. आपण सवयीने लगेच विचारतो, ‘हे काय आहे? रंग कुठला? बोल ना, झाकण म्हण.’ त्याच्यासाठी ही परीक्षा होते आणि तो पाठ फिरवतो. प्रश्न कमी करा, हुकूम कमी करा. तो ज्याकडे बघतोय त्याबद्दल एक-दोन शब्द बोला आणि मनात पाचपर्यंत मोजा. तेवढ्यात त्याने नुसतं तुमच्या हाताकडे पाहिलं, झाकण तुमच्याकडे सरकवलं, काहीतरी आवाज काढला, तर त्याने त्याची पाळी खेळली असं समजा आणि पुन्हा फिरवा. ‘माझ्याकडे बघ’ म्हणत हनुवटी धरून नजर वळवू नका. नजर यायची तेव्हा येते.

बिस्किटं त्याच्या हाताला सहज लागतील अशी ठेवता ना? ती एका पारदर्शक, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. तो मनगट धरून नेईल. जा, पण बरणी लगेच उघडू नका, हातात धरून क्षणभर थांबा. त्याने काहीही केलं, हात पुढे केला, तुमच्याकडे पाहिलं, कुरकुरला, की ‘उघड’ म्हणत लगेच उघडा आणि अर्धंच बिस्किट द्या, म्हणजे तो पुन्हा येईल. मात्र रडेपर्यंत अडवून धरू नका. मागितलं की मिळतं हा विश्वास त्याला बसायला हवा, भांडलं की मिळतं हा नको. पाणी, बाहेर, आंघोळ, झोका, बिस्किट यांचे फोटो काढून प्रिंट करा आणि फ्रिजवर त्याच्या उंचीला चिकटवा. काही मागताना फोटोकडे त्याचं बोट न्या. ‘चित्रं दाखवायला लागला की बोलायचं सोडेल’ असं कुणी म्हणालं तर त्याला आधार नाही. सांगण्याची एक वाट मोकळी झाली की मूल मोकळं होतं, आणि बऱ्याचदा शब्दही यायला लागतात.

रोज असा अर्धा तास पुष्कळ झाला, तोही सलग नको. आंघोळीच्या वेळी दहा मिनिटं, पोळ्या करताना त्याच्या हातात कणकेचा गोळा देऊन दहा मिनिटं, झोपताना दहा मिनिटं. बाकी वेळ तुम्ही आई आहात, थेरपिस्ट नाही. त्याला कुशीत घ्या, तो झाकणं फिरवतो तेव्हा त्याला खुशाल फिरवू द्या. त्यातून त्याचं मन शांत होतं, आणि ज्याने कुणाला इजा होत नाही ते बंद पाडायची घाई करायचं कारण नाही.

घरात मराठीच बोला. हा इंग्रजीचा सल्ला मी इतक्या घरांत ऐकते की आता संताप येतो. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तुम्ही अडखळत इंग्रजी बोलणार, सासूबाई गप्पच होणार, आणि ज्या घरात त्याच्याशी जास्तीत जास्त बोललं जायला हवं ते घरच मुकं होणार. लाड, राग, बडबडगीत, ‘अरे माझ्या राजा’, हे ज्या भाषेत तुमच्या तोंडून सहज येतं ती त्याची भाषा. सेंटरमध्ये सांगा, आमचं घर मराठी आहे, सेशनही मराठीत घ्या.

सेंटरवाल्यांना आणखी काही विचारायचं आहे. या महिन्यात माझ्या मुलाला नेमकं काय जमावं असा तुमचा प्रयत्न आहे? एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. मी सेशनमध्ये आत बसू शकते का? घरी काय करू, करून दाखवाल का? दार लावून पाऊण तास मूल आत, आई बाहेर बाकावर, आणि निघताना ‘आज छान बसला’ एवढंच, हे वर्षानुवर्षं चालणार असेल तर दुसरं सेंटर शोधा. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती निःसंकोच विचारा. पाच दिवसांचा आग्रह तुम्हाला झेपणारा नसेल तर दोन दिवस जा, पण शिकून या. आठवड्याला ४० तास हवेत असं कुठे वाचाल तर तो आकडा १९८७ च्या एका अमेरिकन अभ्यासातून आला आहे, त्यात १९ मुलांना तेवढे तास दिले होते. नंतरच्या अभ्यासांत जास्त तास म्हणजे जास्त फायदा असं सरळ गणित दिसलेलं नाही. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र चालतं का, याचीही चौकशी करा, तिथली सेवा मोफत असते. पुण्याचं प्रसन्न ऑटिझम सेंटर, मुंबईचं २००१ पासून चालणारं ‘उम्मीद’, दिल्लीची १९९१ मध्ये एका आईच्या पुढाकाराने सुरू झालेली ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’, या संस्थांमध्ये आईवडिलांनाही शिकवलं जातं. कधीतरी तिथे जाऊन येणं जमलं तर तो खर्च सार्थकी लागेल.

नोकरी या महिन्यात सोडू नका. निदानानंतरचे पहिले काही महिने मोठे निर्णय घ्यायचे नसतात. हा अनेक वर्षांचा प्रवास आहे, त्याला पैसा लागणार आहे आणि तुम्हाला घराबाहेर चार माणसंही लागणार आहेत. अशा वेळी नोकरी सोडायची ती आईनेच, हे घरात गृहीत धरलं जातं. तुमच्या घरात तसं होऊ देऊ नका. वेळ कमी पडतो हे दिसलं तर पतसंस्थेत अर्ध्या दिवसाची काही सोय होते का ते विचारा आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचार करा.

दिवसभर तो सासूबाईंजवळ असतो, म्हणजे सगळ्यात मोठी मदत त्यांचीच होणार आहे. त्यांच्याशी रिपोर्टवरून वाद घालू नका. ‘याचे बाबाही उशिरा बोलले’ या बोलण्यात नातू आपल्यातलाच आहे असं म्हणायचं असतं. त्यांना म्हणा, ‘आई, नाव काहीही असो, याला बोलतं करायचंय, मला तुमची मदत हवी.’ बरणीची युक्ती त्यांना करून दाखवा. दोन दिवसांत त्या तुम्हाला सांगायला लागतील की आज याने माझ्याकडे बघून हात पुढे केला.

धाकटीला लस द्या, नऊ महिने पूर्ण झाले की वेळेवर द्या. गोवराच्या लसीचा आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा लेख अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने १९९८ मध्ये लिहिला होता, अवघ्या १२ मुलांवरून. त्यातली लबाडी उघड झाली. २०१० मध्ये तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याचं डॉक्टरकीचं नोंदणीपत्रकही रद्द झालं. त्यानंतर लाखो मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, असा संबंध सापडला नाही. गोवर मात्र खरोखर जीव घेतो. तिच्यावर लक्ष ठेवायचं ते वेगळ्या कारणाने. मोठ्याला ऑटिझम असेल तर पाठच्या भावंडाला तो असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते, म्हणजे पाचात चार वेळा तो नसतो. वर्षाची झाल्यावर हाक मारल्यावर बघते का, बोटाने दाखवते का, टाटा करते का ते बघा. सोळा महिन्यांनंतर एक छोटी प्रश्नावली भरून चाळणी तपासणी करता येते, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा. तोवर तिच्याकडे संशयाने बघू नका, तिला तिचं बाळपण मिळू द्या.

दिराच्या लग्नाला त्याला न्या. लपवायचं नाही. पण दिवसभर नको. कार्यालयात बँड येण्याआधी पोहोचा, एक खोली हक्काने मागून घ्या, त्याचं नेहमीचं खाणं, दोन झाकणं आणि आवाज अडवणारे हेडफोन बरोबर ठेवा. मंगलाष्टकं संपतात तेव्हा अक्षता, टाळ्या आणि वाजंत्री एकदमच कोसळतात. ‘शुभमंगल सावधान’च्या शेवटच्या कडव्याला त्याला घेऊन बाहेर जायचं कुणी हे आदल्या दिवशी ठरवून ठेवा, आणि तो माणूस दर वेळी तुम्हीच असायचं कारण नाही. तरीही तो ओरडला, जमिनीवर लोळला, तर समजावत बसू नका, त्या वेळी शब्द पोहोचत नाहीत. उचला, शांत जागी न्या, जवळ बसा. कुणी विचारलं तर एकच वाक्य: ‘त्याला ऑटिझम आहे, मोठा आवाज सहन होत नाही.’ पुढचं स्पष्टीकरण तुम्ही कुणालाही देणं लागत नाही. मिक्सरचंही तसंच. लावण्याआधी त्याला दाखवा, ‘आता मिक्सर’ म्हणा, दुसऱ्या खोलीत जायची संधी द्या.

शिक्क्याची भीती घरात सगळ्यांनाच आहे, म्हणून दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. सरकारी रुग्णालयात ४० मुद्द्यांच्या एका भारतीय मापनश्रेणीवर तपासून टक्केवारी ठरते, त्यावरून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. कार्डाची टक्केवारी त्याच्या बुद्धीची नसते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमाकवच मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत बसतो. शाळेत, परीक्षेत पुढे सवलती लागतील तेव्हाही हाच कागद उपयोगी पडेल. नको वाटलं तर तो कुणाला दाखवायची सक्ती नाही. मी तुमच्या जागी असते तर याच वर्षी काढून घेतला असता.

राहिला नवरा. जो माणूस रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघतो तो बेफिकीर नसतो, त्याला काहीतरी करायचंय आणि काय ते सापडत नाहीये. त्याला काम द्या. रात्रीची आंघोळ त्याच्याकडे सोपवा. मुलाशी खेळताना तुमचा तीन मिनिटांचा व्हिडिओ त्याला काढायला सांगा, त्याचा तुम्ही काढा, आणि मुलं झोपल्यावर दोघांनी बसून बघा. एकमेकांच्या चुका काढायच्या नाहीत. लेक कुठल्या क्षणी आपल्याकडे वळला तेवढंच शोधायचं आणि तो क्षण कशामुळे आला ते वहीत लिहायचं. आठवड्याला दोन व्हिडिओ पुरेत. पुढच्या वेळी थेरपिस्टकडे जाताना ती वही आणि व्हिडिओ घेऊन नवऱ्यालाच आत बसू द्या. तीन महिन्यांनी मला पुन्हा लिहा, आणि बेराच्या रिपोर्टमध्ये काय आलं तेही कळवा.